नगानं नव्हे

चार विषय, चार आकडे:
सहा, दहा, सात, नऊ.
बेरीज बत्तीस, भागिले चार,
आणि मी फोनवर आईला सांगून टाकलं, आठ.

तासगावच्या शेडमध्ये बेदाण्याची देठं खुडता खुडता
तिनं ते शेजारच्या वत्सलामावशीला सांगितलं,
मावशीनं पलीकडच्या रांगेला,
दुपारचे डबे उघडेपर्यंत
माझे आठ शेडभर झाले.

मार्कशीट आली. तिच्यावर सात पूर्णांक तीन.

चूक विद्यापीठाचीच, दुसऱ्या कुणाची असणार,
असं घोकत शनिवारच्या एसटीनं सांगली सोडली.
यार्डात काट्यापाशी गुंडाप्पा कोरे,
कानावर पेन्सिल, सातवी पास,
बोटांच्या पेरांत पिवळट चिकटा.
"कुठं चुकलंय म्हनतीस? दाव."

त्यानं माझे गुण पाहिलेच नाहीत.
त्यांच्या शेजारची बारीक रांग पाहिली:
चार, एक, तीन, दोन.
"हे काय?"
"क्रेडिट."
"म्हंजे वजन," तो म्हणाला,
आणि काट्यावरची पेटी उतरवून ठेवली.

"आता हिकडं बघ. सकाळी एकाचा माल गेला.
हिरवा दोनशे तीसनं, पिवळा एकशे सत्तर, काळा ऐंशी.
किलोला सरासरी काय पडली?"
मी पटकन, "एकशे साठ."
तो हसला नाही.
"हिरव्याच्या पेट्या धाच हाईत.
पिवळ्याच्या ईस.
काळ्याच्या सत्तर.
एकशे साठ सांगून त्याला घरी धाडलास
तर बायकू इचारंल, बाकीचं कुठं उडवलं?"

तेवीसशे, चौतीसशे, छप्पन्नशे.
अकरा हजार तीनशे, आणि पेट्या शंभर.
एकशे तेरा.
"नगानं भागायचं न्हाई, पोरी. वजनानं."

मग एका फुटक्या पेटीच्या पुठ्ठ्यावर
मी माझाच माल मांडला.
सहा चोक चोवीस.
दहा एके दहा.
सात त्रिक एकवीस.
नऊ दुणे अठरा.
त्र्याहत्तर. खाली चार नव्हे,
दहा.

म्हणजे मी सहा महिने मिरवत होते ते दहा
होते एका क्रेडिटचे, प्रात्यक्षिकाचे,
स्वच्छ वहीचे, वेळेवर हजर राहण्याचे.
आणि ज्या पेपराचं नाव मी घरात काढलं नव्हतं
तो चारपट वजनानं तळाशी बसला होता,
काळ्याच्या सत्तर पेट्यांसारखा, गप्प.

"पुढल्या सत्रात?" गुंडाप्पा.
"दहाच क्रेडिट. एकूण आठ हवे असतील
तर आठ पूर्णांक सात पाडावे लागतील."
"बघ की मग. अजून पेट्या यायच्यात."
आणि पुढचा माल आला, मी बाजूला झाले.

शेडमध्ये आई मान वर न करता खुडत होती,
किलोवर मजुरी, बोलण्यावर नाही.
मी वाकून सांगितलं, आठ नाही गं. सात पूर्णांक तीन.
रांगेतल्या चार-पाच माना वळल्या.
आईचे हात क्षणभर थांबले, पुन्हा चालू लागले.
"का?"
मी सांगितलं. चार, एक, तीन, दोन,
काळ्याच्या पेट्या, सगळं.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
माझ्या वाट्याला येईल ते ऐकायला मी उभी.

"तो दहाचा कुठला म्हणालीस?"
"प्रात्यक्षिक. पण हलका आहे आई, एकाच क्रेडिटचा."
"हलका असंना," ती म्हणाली,
"हिरवा हाय न्हवं?"

मग सरकून तिनं पोत्यावर जागा केली.
"बस. देठं काढू लाग.
आन् त्या सहाच्याचं पुस्तक आणलंयस का
का तिकडंच ठेवून आलीस?"